दफ्तर चव्हाट्यावर

सार्वजनिक कामाचा हिशेब सरकारी दफ्तरात ठेवायचा, वरिष्ठांनी तो नजरेखालून घालायचा आणि लेखापरीक्षकाने त्यावर शेरा मारायचा, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. आणि या वहिवाटीत, ज्या रयतेच्या नावाने तो पैसा खर्ची पडला, तिला तो हिशेब दाखवावा असे कोणाच्या मनातही येत नसे. राजस्थानातल्या एका दुष्काळी मुलखातील मजुरांनी तो पाहण्याचा आग्रह धरला, आणि त्या आग्रहातून आपल्या लोकशाहीत ‘जनसुनवाई’ ही एक नवी रीत रुजली.

राजसमंद, पाली आणि अजमेर या जिल्ह्यांच्या सीमा त्या काळी जिथे एकमेकींना भिडत, तो हा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, जमिनी खडकाळ आणि तुकड्यातुकड्यांच्या. त्यामुळे सरकारने काढलेली तलावांची, रस्त्यांची, बंधाऱ्यांची कामे हाच अनेक कुटुंबांचा आधार. १९७५ साली प्रशासकीय सेवेचा राजीनामा दिलेल्या अरुणा रॉय, तसेच निखिल डे आणि शंकर सिंह ही मंडळी १९८७ साली तिथल्या देवडूंगरी या खेड्यात राहायला आली आणि १ मे १९९० रोजी भीम या गावी ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन झाले. संघटनेपुढचा पहिला प्रश्न किमान मजुरीचा होता. दिवसभर राबूनही मजुरी पुरती हाती पडत नसे, आणि विचारायला जावे तर उत्तर ठरलेले : तुमचे काम मापात भरले नाही, कागद तसे सांगतो. तेव्हा कागद काय सांगतो ते डोळ्यांनी पाहिल्यावाचून गत्यंतर नाही, हे मजुरांना कळून चुकले.

तो कागद म्हणजे हजेरीपट, कामावरच्या माणसांच्या तोंडी असलेले ‘मस्टर’. त्यात मजुराचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, पंधरवड्याच्या तारखांचे रकाने, भरलेल्या दिवसांची बेरीज, दर, रक्कम आणि शेवटी अंगठा. तालुक्याच्या कचेरीत बसलेला अत्यंत सचोटीचा लेखापाल जरी हा पट तपासायला बसला, तरी तो फार तर बेरजा बरोबर आहेत की नाहीत, अंगठे उमटले आहेत की नाहीत आणि अधिकाऱ्याची सही आहे की नाही, एवढेच पाहू शकतो. परंतु सातव्या ओळीतला माणूस दोन वर्षांपासून सुरतेला आहे आणि बाराव्या ओळीतला केव्हाच निवर्तला आहे, हे त्याला कोणत्या दप्तरातून कळावे? ते ठाऊक असते फक्त गावाला. गावाजवळ माहिती असते आणि कागद नसतो, कचेरीजवळ कागद असतो आणि माहिती नसते. आणि या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेतच अपहाराला बरकत येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना या गावी ही मोकळी जागा प्रथमच बुजवली गेली. संघटनेने खटपटीने मिळवलेले पंचायतीच्या कामांचे कागद तिथे भरसभेत वाचून दाखवण्यात आले. एकेक नाव उच्चारले जाई आणि ज्याचे नाव त्यानेच, किंवा त्याच्या शेजाऱ्याने, ध्वनिक्षेपकापुढे येऊन जबानी द्यावी, असा क्रम होता. कधी कामावर न गेलेल्यांची नावे पटावर निघाली. आणि कागदोपत्री पुरी झालेली पटवारी-भवनाची इमारत प्रत्यक्षात छपराविना उभी आहे, ही गोष्ट तर तिच्यावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना कोणी वेगळी सांगायची आवश्यकताच नव्हती. अक्षरओळख नसलेली माणसे त्या दिवशी लेखापरीक्षक झाली.

त्यानंतर इतर गावांतही अशा सुनावण्या झाल्या, आणि कागदांच्या नकला मागताच कचेऱ्यांची दारे बंद होऊ लागली. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवसांचे धरणे धरले गेले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्या आंदोलनाची घोषणा. पुढचा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे : २००० साली राजस्थानचा, २००२ साली महाराष्ट्राचा आणि २००५ साली सबंध देशाचा माहिती अधिकाराचा कायदा झाला. त्याच २००५ साली आलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने १७ व्या कलमान्वये ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण करवून घेण्याची तरतूद केली. वि. स. पागे यांच्या दूरदृष्टीतून ज्या राज्यात रोजगार हमी जन्मली आणि १९७७ साली जिला कायद्याचे रूप मिळाले, त्या आपल्या राज्याला हजेरीपटाची ही कहाणी परकी वाटू नये.

आंध्र प्रदेशाने या तरतुदीला संस्थेचे रूप दिले. मजूर कुटुंबांतल्याच तरुण-तरुणींना शिकवून तयार करायचे, त्यांनी घरोघर जाऊन नोंदी पडताळायच्या आणि मग मंडलाच्या ठिकाणी अधिकाऱ्यांसमक्ष सुनावणी भरवायची, अशी ती पद्धत. अपहार त्यामुळे पुष्कळ उघडकीला आले. मात्र उघड झालेल्या रकमेच्या मानाने वसुली फारच थोडी झाली, आणि ही उणीव झाकून ठेवण्यात काहीच हशील नाही.

महाराष्ट्रात हीच रीत आरोग्यसेवेच्या क्षेत्रात आली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्य पातळीवर त्याचा समन्वय पाहत असे. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का, दवाखान्यात औषध मिळते की बाहेरची चिठ्ठी हातात पडते, बाळंतपणासाठी पैसे मागितले जातात का, असे साधे प्रश्न गावकऱ्यांना विचारून उत्तरांप्रमाणे हिरवा, पिवळा वा लाल रंग भरलेले प्रगतिपत्रक तयार केले जाई. मग सुनावणीत एखादी बाई पदराची गाठ सोडून बाहेरच्या दुकानाची पावती पुढे ठेवी आणि शेजारीच बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आपल्या साठावहीचा जाब द्यावा लागे. डॉक्टरांचाही यात लाभ असतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही; कारण औषध वरूनच आले नसेल, तर तेही त्याच सभेत उघड होते आणि गावाचा राग योग्य ठिकाणी वळतो.

अनुभव असा की नर्सबाईंच्या फेऱ्या, बेकायदा वसुली, दवाखान्याच्या वेळा ही गाऱ्हाणी तालुक्यातच निकालात निघू शकतात. परंतु डॉक्टरांच्या रिक्त जागा आणि औषधांची खरेदी यांचा निर्णय मुंबईत होतो, आणि तिथपर्यंत सुनावणीचा आवाज पोचताना क्षीण होतो. म्हणून मला एक तरतूद अत्यंत निकडीची वाटते : प्रत्येक सुनावणीचा आरंभ मागच्या सुनावणीतल्या आश्वासनांच्या वाचनाने व्हावा, ज्याची तड लागली नसेल त्याच्यासमोर, तो मंत्रालयातला का असेना, जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा आणि नवी मुदत लिहावी, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवावा.