साधी तार कीं वेढ्याची तार?

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे गिटार शिकूं लागतात, त्यांच्या मनांत एक प्रश्न लौकरच उभा राहतो. वाद्याच्या बारीक तारा सरळ व गुळगुळीत असतात, पण जाड तारांवर दुसरी बारीक तार घट्ट गुंडाळलेली दिसते. असें कां? आणि तार तुटल्यावर नवी घ्यावयाची ती कोणती? प्रश्न लहान दिसतो; पण जिंतूरसारख्या गांवीं त्याचें उत्तर ठाऊक असलेलें बरें. तारेसाठीं बहुधा परभणीसारख्या मोठ्या शहराची खेप करावी लागते, आणि चुकीची तार आणली तर ती खेप फुकट जाते. त्याहून मोठें नुकसान हें कीं, तार बद्द वाजूं लागली म्हणजे मूल आपलाच कान मंद आहे असें समजतें व वाद्य खुंटीला टांगून मोकळें होतें. म्हणून ह्या विषयाचा थोडा उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तारेचा स्वर मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतो: लांबी, ताण आणि वजन. हे नियम मारँ मेर्सेन नामक फ्रेंच मठवासी पंडितानें १६३६ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडले. तार अर्धी केली तर स्वर एक सप्तक वर जातो. ताण चौपट केला तरीहि तो एक सप्तक वर जातो. परंतु लांबी व ताण तेच ठेवून तारेचें वजन चौपट केलें, तर स्वर एक सप्तक खालीं उतरतो. एकाच धातूच्या तारेचें वजन चौपट करावयाचें तर तिची जाडी दुप्पट करावी लागते.

आतां गिटारचें उदाहरण घेऊं. तिच्या सर्वांत उंच तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ३३० असतात व सर्वांत खालच्या तारेचीं सुमारें ८२, म्हणजे दोहोंत दोन सप्तकांचें अंतर आहे. उंच तार पाव मिलिमीटर जाडीची असेल, तर तितक्याच ताणावर खालचा स्वर मिळण्यासाठीं एक मिलिमीटर जाडीची साधी पोलादी तार लागेल. येथेंच अडचण येते. तारेची जाडी दुप्पट झाली कीं वाकण्यास होणारा तिचा विरोध सोळापट होतो. चौपट झाली कीं दोनशें छप्पनपट! अशी तार तार न राहतां सळई होऊं पाहते. तिच्या मूळ स्वरासोबत उठणारे वरचे स्वर आपल्या जागेवरून थोडे चढतात, एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि नाद बद्द येतो.

ह्यावर वाद्यकारांनीं सुंदर तोड काढली. आंत बारीक, लवचिक गाभा ठेवावा आणि त्यावर दुसरी तार वेटोळें घालून गुंडाळावी. वेढ्यांमुळें वजन वाढतें. पण वाकतांना वेढे एकमेकांपासून किंचित् फांकतात, त्यामुळें ताठरपणा फारसा वाढत नाहीं. युरोपांत ही युक्ति सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तातीच्या तारांवर प्रथम रूढ झाली. ह्या जातीच्या तारेस आम्ही येथें ‘वेढ्याची तार’ म्हणूं.

आपल्याकडील वाद्यें पाहिलीं तर हीच अडचण निराळ्या रीतीनें सोडविलेली दिसते. गोंधळ्याच्या तुणतुण्यास एकच तार व एकच स्वर. तेथें साध्या पोलादी तारेनें काम भागतें. तंबोऱ्याच्या मधल्या दोन जोडाच्या तारा पोलादी असतात, पण त्यांहून एक सप्तक खालीं बोलणारी खरजाची तार मात्र पितळेची लावतात. पितळ पोलादाहून थोडें जड आहे, आणि लवचिकपणांत तर जवळजवळ दुप्पट. म्हणून ती तार जाड असूनहि मऊ बोलते. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांचा धंदा सोडून तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. त्या गांवच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय.

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजविण्याची हवाईयन गिटार आपल्या देशांत विसाव्या शतकांत आली. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वॅन शिप्ली ह्यांनीं ती लोकप्रिय केली. ब्रिजभूषण काबरा ह्यांनीं तिच्यावर राग वाजविले. आणि विश्वमोहन भट्ट ह्यांच्या मोहनवीणेस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. ह्याच गिटारला पायपट्ट्या व गुडघ्यानें दाबावयाच्या कळा जोडून अमेरिकेंत पेडल स्टील गिटार तयार झाली. साध्या कीं वेढ्याच्या तारेचा वाद खरा रंगतो तो तिच्या सहाव्या तारेवर. ह्या वाद्याच्या प्रचलित दहा तारांच्या जुळणींत, ई स्वरास षड्ज मानल्यास, सहावी तार गांधाराची होते. तिची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधी तार जेथें संपावी व वेढ्याची जेथें सुरू व्हावी, बरोबर त्या सीमेवर ती उभी आहे.

पायपट्टी दाबली कीं हा गांधार मध्यमावर चढतो. गुडघ्याची कळ लावली तर तो ऋषभावर उतरतो. स्वर किती बदलेल हें पोलादी गाभा किती जाड आहे ह्यावर ठरतें. मोटेचा जाड नाडा ताठ असतां बोटभर ओढला तरी ताण एकदम वाढतो. रबराची दोरी तितकीच ओढली तर फारसा फरक पडत नाहीं. साधी तार नाड्यासारखी, तर बारीक गाभ्याची वेढ्याची तार त्या मानानें दोरीसारखी. म्हणून साधी तार कळेच्या थोड्या हालचालीनें पूर्ण स्वर उतरते. वेढ्याच्या तारेस अधिक हालचाल लागते, व कांहीं वाद्यांची कळ तितकी पोहोंचतच नाहीं. उलटपक्षीं वेढ्याच्या तारेचा नाद भरदार व खालच्या तारांशीं मिळता असतो. मात्र तिच्या खांचांवरून कांडी फिरतांना खरखर होते. ती कमी व्हावी म्हणून घासून सपाट केलेल्या वेढ्यांच्या ताराहि मिळतात. तात्पर्य, ज्यास गांधार वारंवार ऋषभापर्यंत उतरवावयाचा आहे त्यानें साधी तार घ्यावी. ज्यास भरदार नाद अधिक प्रिय आहे त्यानें वेढ्याची घ्यावी.

नेहमींच्या गिटारविषयीं पालकांस चार गोष्टी सुचवितों. पहिली, तुटलेल्या तारेचा तुकडा दुकानीं अवश्य न्यावा. त्यावरून जाडी व जात दोन्ही कळतात. दुसरी, तिसऱ्या तारेकडे विशेष लक्ष द्यावें: लांकडी पोकळ गिटारला ती बहुधा वेढ्याची असते, विजेच्या गिटारला बहुधा साधी. तिसरी, विजेच्या गिटारला कांशाच्या वेढ्यांच्या तारा लावूं नयेत. तेथें लोहचुंबक तारेचें कंपन टिपतो, आणि कांशाचे वेढे चुंबकास जाणवत नाहींत. चौथी व सर्वांत महत्त्वाची, नायलॉनच्या तारांसाठीं बनविलेल्या गिटारवर पोलादी तारा कधींहि चढवूं नयेत. त्यांचा ताण पुष्कळ अधिक असतो. घोडी उखडते, मान वांकते, आणि चाळीस रुपये वांचविण्याच्या नादांत सबंध वाद्य गमवावें लागतें.

विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें तारा पुसाव्या. वेढ्यांच्या फटींत घाम व धूळ बसली म्हणजे तार वजनानें असमान होते व लौकर निस्तेज वाजूं लागते. स्वर जुळेनासा झाला तर आपल्या कानास दोष देण्यापूर्वीं तार तपासावी. पुष्कळदां कान चांगला असतो, म्हणूनच तर ती चूक त्यास खुपते.