गाडी तीच, मेकॅनिक तोच. मग मे महिन्यात इंदूरची बाईक का मंदावते?

इंदूरच्या बडा गणपती चौकातून एक रस्ता विमानतळाकडे जातो. त्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची ५६४ मीटर. बडा गणपतीचा परिसरही जवळपास तेवढ्याच उंचीवर. शिरपूर-सेंधव्याकडून येणाऱ्यांना मानपूरचा घाट चढल्यावर हवा बदलल्याचं जाणवतंच. इंजिनालाही ते जाणवतं, फक्त त्याला बोलता येत नाही.

ड्रॅग रेसिंगचा शौक असलेल्या पोरांची एक ठरलेली तक्रार असते. जानेवारीत गाडीचं काम करून घेतलं, मस्त पळत होती. मे उजाडला आणि गाडीतला दमच गेला. मग खापर फुटतं मेकॅनिकच्या डोक्यावर, आणि पुन्हा चार-पाच हजारांचा खर्च. बऱ्याचदा यात दोष मेकॅनिकचा नसतो, हवेचा असतो.

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ रेषेत ४०२ मीटरची धाव. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर बाईकच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत, लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ गाजली. इंदूरकरांच्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचं उद्घाटन केलं. तो मुळात वाहनांच्या चाचण्यांसाठी आहे, पण हवेचा हिशेब तिथेही हाच.

आता हिशेब पाहू. इंजिन पेट्रोल जाळतं ते हवेतल्या ऑक्सिजनवर. हवा तापली की पसरते, विरळ होते, आणि तेवढ्याच सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी भरतो. इंदूरला जानेवारीच्या सकाळी १० अंश तापमान असेल तर एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१७ किलो भरतं. मेच्या दुपारी ४० अंशांना तेच १.०५ किलोवर येतं. म्हणजे दहा टक्क्यांची घट. थंडीच्या पहाटे कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, जेवढी विरळ हवा असेल, साधारण तेवढीच विरळ हवा मेमध्ये इंदूरच्या रस्त्यावर असते. बाईक जागेवरच आणि इंजिन मात्र डोंगरावर!

साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाची ताकदही मग ढोबळमानाने दहा टक्क्यांनी उतरते. वेळ मात्र तेवढी वाढत नाही. ती तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते. १५ सेकंदांत धाव संपवणारी बाईक सुमारे साडेपंधरा घेते. अर्धा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो. पण शेवटच्या रेषेवर ताशी १४० चा वेग असेल, तर अर्ध्या सेकंदात गाडी १९ मीटर जाते. नऊ-दहा बाईक एकामागे एक लावल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढं अंतर झालं हे.

पावसाळ्यात गारवा असतो, मग गाडी सुसाट पळायला हवी ना? नाही. जुलैतल्या दमट हवेत पाण्याची वाफ तीनेक टक्के जागा अडवते, तेवढा ऑक्सिजन कमी. त्यात पावसाळी हवेचा दाबही थोडा उतरलेला असतो. त्यामुळे अंगाला गार वाटणारी जुलैची हवा इंजिनाला मेपेक्षा फारशी बरी नसते.

वारा हा आणखी वेगळा हिशेब. ताशी १२० ने धावताना समोरून १५ चा वारा आला, तर हवेचा अडथळा पाव पटीने वाढतो. माळव्यात उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा. पश्चिमेकडे तोंड करून पळालात तर तो अंगावर, उलट पळालात तर पाठीशी.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना उन्हाळा जास्त छळतो. हवा कमी पण पेट्रोल जवळपास तेवढंच, मग प्लग काळा पडतो. आरएक्स १०० वाले म्हणूनच जेट बदलत बसतात. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवरून पेट्रोल आपोआप कमी करतात, पण गेलेली ताकद त्याही परत आणू शकत नाहीत. टर्बो बरीचशी भरपाई करतो. इलेक्ट्रिक गाडीला ऑक्सिजनच लागत नाही. उलट विरळ हवेत तिला अडथळा कमी, फक्त बॅटरी तापता कामा नये.

आता खरी भानगड. जी हवा इंजिनाला सर्वांत जास्त मानवते, तीच टायरला सर्वांत कमी मानवते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इंजिन जोमात असतं, पण रबर गार आणि कडक, रस्त्यावर दव, कधी धुकं. ट्रॅकवर बर्नआउट करून टायर तापवतात, चिकट द्रव फवारतात, दव सुकेपर्यंत थांबतात. रात्री मोकळा रस्ता बघून मित्राशी शर्यत लावणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. गाडी आज भारी पळतेय असं वाटतं, आणि ब्रेक दाबल्यावर कळतं की रस्त्याला पकडच नाही. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ अशा शर्यतीसाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं. दुसऱ्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अमेरिकेतले ड्रॅग रेसर ट्रॅकवर छोटं हवामान यंत्र घेऊनच येतात. तिथल्या एका प्रकारात धावेआधीच आपली अंदाजी वेळ काचेवर लिहावी लागते, आणि त्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद! ढग आला, ऊन पडलं, की आकडा बदलायचा. आपल्याकडे एवढा खटाटोप नको. टाइम स्लिपच्या मागे तापमान, हवेचा दाब, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा पेनाने लिहून ठेवा. मोबाईलवर सगळं मिळतं. फक्त दाब स्थानिक उंचीवरचा घ्या, अ‍ॅपमध्ये बहुधा समुद्रसपाटीवर बेतलेला आकडा असतो. इंदूरला खरा दाब ९४०-९५० मिलिबारच्या आसपास दिसेल. मेमधला साडेपंधराचा आकडा जानेवारीच्या १५ शेजारी ठेवून मग मेकॅनिककडे जा.