पेन्सिओनाडो : शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेले फिलिपिनो

फिलिपिन्स अमेरिकेच्या अंमलाखाली असताना तेथील आयोगाने २६ ऑगस्ट १९०३ रोजी कायदा क्रमांक ८५४ संमत केला. त्यानुसार सुमारे शंभर फिलिपिनो तरुण सरकारी खर्चाने शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना झाले. यांनाच ‘पेन्सिओनाडो’ म्हणत. अट अशी, की जितका काळ शिक्षण, तितकाच काळ मायदेशी शासकीय सेवा. कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी व अध्यापन या क्षेत्रांत त्यातून प्रशिक्षित मनुष्यबळ उभे राहिले.

सांस्कृतिक बाजू मात्र इतकी सरळ नव्हती. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनो माणसांना खास उभारलेल्या वस्त्यांमध्ये प्रेक्षकांपुढे मांडण्यात आले होते. पेन्सिओनाडो विद्यार्थी तेथेच मार्गदर्शकाचे काम करीत होते. अमेरिकी राजवटीने ‘मागासांना’ कसे सुधारले, हे प्रेक्षकांच्या मनावर ठसविण्याचाच हा खटाटोप होता.

तथापि, परतलेले सारे राज्यकर्त्यांच्या अपेक्षेप्रमाणे वागले नाहीत. १९०५ साली गेलेले कामिलो ओसियास शिक्षक होऊन परतले. फिलिपिनो मुलांसाठी त्यांनी इंग्रजी वाचनमाला तयार केली आणि १९२९ पासून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, मताधिकार नसलेले निवासी आयुक्त या नात्याने, फिलिपिन्सच्या स्वातंत्र्याची मागणी मांडली.