परक्या अंगणातली कला : लेखांक ४ – नारिंगी फुगा आणि गोबर गॅस

मागच्या आठवड्यात आपण ओलाफुर एलियासनचा बर्फ पाहिला. ग्रीनलंडच्या समुद्रातून काढलेले बारा मोठे ठोकळे त्याने २०१४ मध्ये कोपनहेगनच्या चौकात घड्याळासारखे गोल मांडून वितळू दिले होते. इथे शिवरे गावात बसून त्या बर्फाचं मी मनापासून कौतुक केलं, पण पारख कशी करणार? आजची कलाकृती मात्र अशी आहे की तिची पारख कोपनहेगनपेक्षा भोर तालुक्यातल्या एखाद्या गोठ्यात अधिक चांगली होईल.

याकोब फेंगर, रासमुस नील्सन आणि ब्यर्नस्ट्येर्न क्रिस्टियानसेन या तिघा डॅनिश कलावंतांनी १९९३ मध्ये ‘सुपरफ्लेक्स’ हा गट काढला. आपल्या कलाकृतींना ते अवजारं म्हणतात : ती वापरायची, आणि हवी तर बदलून घ्यायची. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी टांझानियातल्या एका लहान शेतावर ‘सुपरगॅस’ उभा केला. इंजिनिअर मदतीला होतेच. शेणापासून गॅस, गॅसवर चूल आणि संध्याकाळी एक दिवा. गॅस साठवायला टपोरा नारिंगी फुगा.

म्हणजे गोबर गॅसच की! आपल्याकडे ही विद्या जुनी. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून त्यावर दिवे लावले गेले, ते साल १८९७. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला आणि शेण यांना प्रतिष्ठा मिळवून देण्यात उभं आयुष्य घातलं. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने वरखाली होणाऱ्या लोखंडी टाकीचं संयंत्र गावोगाव नेलं. पाटीभर शेण, तेवढंच पाणी, हाताने कालवून गुठळ्या मोडायच्या आणि कुंडीत सोडायचं. दुसऱ्या तोंडाने स्लरी बाहेर येते, ती शेतात जाते. हे ज्याने केलंय, त्याला सुपरगॅससमोर उभं राहताना कलेच्या पुस्तकाची गरज नाही.

मग आपल्या पद्धतीने हिशोब करू. सुपरफ्लेक्स सांगतात : दोन-तीन जनावरांच्या शेणातून रोज चार घनमीटर गॅस, आठ-दहा माणसांचा स्वयंपाक आणि एक दिवा. खर्चाची बाजू जुळते. माणशी पाव ते तीन दशांश घनमीटर धरला आणि दिव्याचा वेगळा मोजला, तर चार घनमीटर पुरून उरतो. अडतं ते जमेच्या बाजूला. एका घनमीटरला साधारण २५ किलो ताजं शेण, हा आपला ठोकताळा. चार घनमीटरला शंभर किलो लागेल. गावठी गाय दिवसाला दहाएक किलो शेण देते. गोठ्यात बांधलेल्या दोन-तीन संकरित गाई धरल्या तरी दोन घनमीटरच्या फार पुढे जाता येत नाही. शिवाय थंडीत गॅस कमी पडतो.

हा हिशोब मांडला म्हणून माझ्या मनातली सुपरगॅसची किंमत कमी झाली नाही, वाढली. जी कलाकृती शेणाच्या पाटीने तपासता येते, तिने स्वतःला परक्या माणसाच्या हाती सोपवलेलं असतं. संग्रहालयातल्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल?

मला खरा अडवून धरतो तो नारिंगी रंग. आफ्रिकेतल्या आजच्या ग्राहकाला कार्यक्षमता हवी तशी ऐटही हवी, असं या तिघांनी मांडलं. ‘ग्राहक’ हा त्यातला शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपल्या योजनांच्या कागदावर गोबर गॅस बांधणारा ‘लाभार्थी’ असतो. अनुदान मिळतं आणि ते मिळायलाच हवं. पण टाकी कशी दिसावी, ती घराच्या पुढे शोभेल की गोठ्यामागे दडवावी लागेल, हे लाभार्थ्याला कोणी विचारत नाही. गरीब माणसालाही देखणी वस्तू हवीशी वाटते, हे तंत्रज्ञांच्या आधी कलावंतांना दिसलं.

आमच्या भागात सिलिंडर आले, जनावरं कमी झाली, शेण कालवायला हात उरले नाहीत. कितीतरी टाक्या गंजल्या. तिकडे डेन्मार्कच्या गॅसवाहिन्यांत मात्र आज एक तृतीयांशाहून जास्त गॅस शेणाचा, डुकरांच्या स्लरीचा आणि टाकाऊ मालाचा आहे. गंजलेल्या टाकीशेजारी उभं राहून तो नारिंगी फुगा डोळ्यांपुढे आणला, की वाटतं, आपलीही टाकी कोणीतरी रंगवायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात याच गटाचं ‘सुपरकीलन’ : कोपनहेगनमधली एक बाग, जिच्यात मोरोक्कोचं कारंजं आहे आणि जपानी ऑक्टोपसची घसरगुंडी.