नाटक मंडळीतील घडण : बालगंधर्वांची किर्लोस्कर मंडळीतील वर्षे

नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, ही कथा आपण ऐकली असेल. कथा गोड आहे; परंतु तिच्यामुळे हा नट जन्मतःच तयार होता असा समज होतो. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्यानंतरची आठ वर्षे पाहिली, की हा समज टिकत नाही.

नाटक मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाड. गावोगाव मुक्काम, एकत्र पंगत आणि तालमी. नवख्या मुलाने आपली नक्कल पाठ करावी, ज्येष्ठांची कामे विंगेतून पाहावीत आणि तालीममास्तरांसमोर उभे राहावे, हेच शिक्षण. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर निवर्तल्यापासून मंडळीला गाणाऱ्या नायिकेची उणीव भासत होती. म्हणून या मुलाला शकुंतलेसारखी प्रमुख भूमिका मिळाली. त्याच्या गळ्यावर मंडळीची मिळकत अवलंबून राहणार होती, हे आपण ध्यानात घ्यावे.

गोविंद बल्लाळ देवल यांची तालीम त्यांना लाभली. देवल हे बेळगावला अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी होते. त्यामुळे अण्णासाहेबांची शिस्त दुसऱ्या पिढीपर्यंत आली. पदाचा अर्थ मुद्रेवर उमटला पाहिजे, गद्य बोलताना नट गायक म्हणून वेगळा पडता कामा नये, हा संस्कार बालगंधर्वांच्या कामात पुढेही जाणवतो.

गायनातील गुरू भास्करबुवा बखले यांची हकीकत अधिक बोलकी आहे. तेही लहानपणी याच मंडळीत होते. पण आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. पुढे ते बडोद्याच्या फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकून थोर गवई झाले. सगळ्यांचे असे होत नसे. आवाज गेलेल्या मुलाच्या हाती मंडळी दुसरे काय देत असे, हा प्रश्न मंडळ्यांच्या गौरवशाली इतिहासात फारसा कोणी विचारत नाही.

१२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या निवर्तली, तरी त्यांनी भामिनी उभी केली. ही घटना निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात. मंडळीची शिस्त माणसाकडून काय मागत असे, हेही तीत दिसते. १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तेथे १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला संगीत दिले ते भास्करबुवांनीच.