उवांचा बंदोबस्त आणि दिवसांचे गणित

शाळकरी मुलांच्या डोक्यातील उवांचा प्रश्न बहुतेक घरांत औषधाच्या एका बाटलीने सोडवला जातो आणि दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा डोके वर काढतो. अशा वेळी दोष औषधाला, वर्गातील शेजारच्या मुलीला किंवा मुलाच्या आईला दिला जातो. प्रत्यक्षात या अपयशाचे मूळ बहुधा उवेच्या जीवनक्रमात, म्हणजे अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंतच्या तिच्या अवस्थांच्या कालावधीत असते. हा कालावधी लक्षात घेतला तर साधी फणीही पुरेशी ठरू शकते, आणि तो लक्षात न घेता लावलेले महागडे औषधही वाया जाते.

डोक्यातील ऊ, जिला शास्त्रीय परिभाषेत पेडिक्युलस ह्यूमॅनस कॅपिटिस म्हणतात, ही दोन ते तीन मिलिमीटर लांबीची, साधारण तिळाएवढी असते. तिला पंख नसतात आणि उडी मारता येईल असे पायही नसतात. सहा पायांच्या टोकांना असलेल्या आकड्यांनी केस घट्ट धरून ती चालते. त्यामुळे एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात ती जाते ती मुख्यतः डोक्याला डोके लागले म्हणजेच, आणि खेळताना, एकाच पुस्तकात पाहताना किंवा एका अंथरुणावर झोपताना मुलांची डोकी सतत जवळ येत असतात. ती केवळ माणसाच्या रक्तावर जगते, दिवसातून अनेकदा रक्त शोषते आणि डोक्यापासून दूर पडल्यास एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्यामांजरांपासून ती मुलांना लागत नाही.

पूर्ण वाढलेली मादी सुमारे महिनाभर जगते आणि रोज आठ-दहापर्यंत अंडी घालते. ही अंडी म्हणजेच लिखा होत. मादी त्या डोक्याच्या त्वचेलगत, केसाच्या बुडाशी, स्वतःच्या शरीरातून स्रवणाऱ्या चिकट द्रव्याने इतक्या पक्क्या चिकटवते की पाण्याने किंवा साध्या शांपूने त्या सुटत नाहीत. सात ते दहा दिवसांत लीख फुटून पिल्लू बाहेर येते, तीन वेळा कात टाकते आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत अंडी घालण्याजोगे होते.

उवांवरील बहुतेक औषधे कीटकाच्या मज्जासंस्थेवर, म्हणजे नसांच्या जाळ्यावर, आघात करतात. परंतु नुकत्याच घातलेल्या लिखेत ही संस्था तयारच झालेली नसल्याने ती औषधाच्या तडाख्यातून सुटते. पहिल्या दिवशी डोक्यातील सर्व उवा मेल्या तरी पुढील आठवडाभर लिखा फुटत राहतात. म्हणून दुसरी मात्रा साधारण नवव्या दिवशी द्यावी लागते, कारण तोवर जवळजवळ सर्व लिखा फुटलेल्या असतात आणि त्यांतून निघालेली पिल्ले मात्र अजून अंडी घालण्याइतकी वाढलेली नसतात. तिसऱ्या दिवशी घाईने दिलेली मात्रा लवकर होते आणि तीन आठवड्यांनी दिलेली मात्रा उशिरा होते. दोन्ही वेळा नवी पिढी सुटते.

फणीचे गणितही हेच आहे, फक्त तिथे हाताला अधिक काम असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने सुचवलेल्या पद्धतीनुसार पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी केस ओले करून विंचरावे आणि सतराव्या दिवशी पुन्हा तपासावे. कोरड्या केसांत ऊ चपळपणे पळते, मात्र ओल्या आणि कंडिशनर लावलेल्या केसांत तिची हालचाल मंदावते. खोबरेल तेलाचाही तसा उपयोग होतो. केवळ तेल थापून डोके बांधून ठेवल्याने सर्व उवा गुदमरून मरतील, हा समज मात्र खरा नाही, कारण त्या काही तास श्वासाविना तग धरू शकतात. तेलाचे काम फणीचा मार्ग सोपा करण्याचे आहे. प्रथम साध्या कंगव्याने गुंता काढावा, नंतर केसांच्या बारीक बटा करून बारीक दातांची, शक्यतो धातूची, फणी त्वचेला टेकवून टोकापर्यंत ओढावी आणि दर वेळी ती पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावी. कानांमागचा भाग आणि मानेवरचा केसांचा काठ या उवांच्या आवडत्या जागा असल्याने तिथे अधिक वेळ द्यावा. लांब, दाट केसांना या कामाला बराच वेळ लागतो आणि तो देण्याची तयारी नसेल तर ही पद्धत निवडू नये, हे स्पष्ट सांगणे योग्य.

या साध्या साधनाची परंपरा फार जुनी आहे. इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात सापडलेली सुमारे 3700 वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी याची साक्ष देते: एका बाजूला गुंता सोडवण्यासाठी सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवा-लिखा काढण्यासाठी चौदा बारीक दात, म्हणजे दुबाजू फणीचीच रचना. 2022 मध्ये तिच्यावरील अक्षरे वाचली गेली तेव्हा ती केसांतील आणि दाढीतील उवांचा नायनाट व्हावा अशी इच्छा व्यक्त करणारे वाक्य निघाले. कनानी लिपीतील आजवर सापडलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानले जाते.

औषधच वापरायचे झाल्यास सर्वाधिक परिचित पर्याय म्हणजे 1 टक्का परमेथ्रिनचे लोशन. केस धुऊन टॉवेलने टिपल्यावर ते लावून दहा मिनिटांनी धुऊन टाकतात. खरजेसाठी मिळणारे 5 टक्क्यांचे मलम हे त्याच्या जागी वापरायचे औषध नव्हे, तरी दुकानातून तेच हाती पडण्याचा संभव असतो, म्हणून बाटलीवरील प्रमाण वाचावे. औषध लावण्याआधी कंडिशनर वापरू नये आणि लावताना मुलाचे डोळे कोरड्या कापडाने झाकावे. दोन महिन्यांखालील बाळाला ते लावू नये. काही प्रदेशांतील उवा परमेथ्रिनला दाद देईनाशा झाल्या आहेत. म्हणून औषधानंतर आठ-बारा तासांनी उवा पूर्वीइतक्याच चपळ दिसत असतील तर तेच औषध पुनःपुन्हा न थापता डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बदलावे. उवेला विषबाधा करण्याऐवजी तिच्यावर लेप चढवून मारणारे डायमेथिकोन आणि पोटात घेण्याचे आयव्हरमेक्टिन असे पर्याय उपलब्ध आहेत. दुसरे औषध 15 किलोहून कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत.

घरगुती उपायांबाबत मात्र मौन पाळणे धोक्याचे आहे. डोक्यावर रॉकेल ओतण्याची प्रथा त्वचा भाजणारी तर आहेच, शिवाय स्वयंपाकघरातील एखाद्या ठिणगीने ती जीवावर बेतू शकते. शेतातील कीटकनाशक केसांना लावल्यास ते त्वचेतून शरीरात शिरून मुलाला विषबाधा करते. सीताफळाच्या बियांची पूड महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या वापरली जाते आणि तिने उवा मरतातही, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळावरील पारदर्शक पडद्याला इजा होऊन तीव्र वेदना, लाली आणि अंधुक दृष्टी अशा तक्रारी उद्भवतात. खोबरेल तेलात कापूर मिसळणेही लहान मुलांबाबत टाळावे, कारण पोटात गेलेला थोडासा कापूरही त्यांना आकडी आणू शकतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे समीकरण मुलांच्या डोक्यावर आजमावण्याजोगे नाही.

उपचाराआधी निदान पक्के हवे. कोंडा केसावरून सहज झटकला जातो, लीख हलत नाही. पण रिकामे, पांढरे टरफलही केसाला महिनोन्‌महिने चिकटून राहू शकते, म्हणून केवळ लिखा दिसल्याने औषध सुरू करू नये, फणीवर जिवंत, चालणारी ऊ सापडायला हवी. पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, कारण खाज ही उवेच्या लाळेविरुद्ध शरीराने हळूहळू उभारलेली प्रतिक्रिया असते. याचाच अर्थ असा की मुलगी डोके खाजवू लागते तेव्हा उवा तिच्या डोक्यात महिनाभर नांदत असतात आणि कालच्या मैत्रिणीवर ठपका ठेवणे निराधार ठरते. उवांना घाणेरडे केस अधिक प्रिय असतात हाही असाच निराधार समज आहे. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही त्या तितक्याच सुखाने राहतात.

डोक्यातील उवा रोगही पसरवत नाहीत. शार्ल निकोल यांनी 1909 मध्ये ट्यूनिसमध्ये उवांमार्फत प्रलापक सन्निपात, म्हणजे टायफस ज्वर, पसरतो हे दाखवले, परंतु ती कपड्यांत राहणारी अंगावरची ऊ होय. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना उवांमुळे निरोगी मुलाची शाळा बुडवू नये असे सांगते. वर्गासमोर मुलीची वेणी सोडून लिखा दाखवणे किंवा शिक्षा म्हणून तिचे केस भादरणे यांनी होणारी इजा उवांच्या त्रासाहून मोठी असते आणि ती केस वाढल्यावरही भरून येत नाही. नखांनी ओरबाडून खपल्या, पू किंवा मानेमागे गाठी आल्या असतील तर मात्र डॉक्टरांकडे जावे, कारण तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो.

घरात एकाला उवा सापडल्यास सर्वांची डोकी तपासून, ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ मिळेल त्यांचे उपचार एकाच दिवशी सुरू करावेत. मागील दोन दिवसांत वापरलेल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टोप्या गरम पाण्यात धुतल्या की पुरे, घरभर फवारणीची गरज नसते. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत हेच काम अधिक अवघड होते, कारण तिथे मुली शेजारी शेजारी झोपतात आणि फणी अनेकींत एक असते. अशा ठिकाणी एका खोलीतील सर्व मुलींची तपासणी एकाच दिवशी झाली, प्रत्येकीला स्वतःची फणी मिळाली आणि नवव्या दिवसाची तारीख त्याच वेळी अधीक्षिकेच्या वहीत नोंदली गेली, तर सतराव्या दिवशीच्या तपासणीत फडके पांढरे राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते.