तिरका काढलेला कागदाचा फोटो मोबाइल सरळ करतो तरी कसा?

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आहे, वेबसाइट मार्कशीट अपलोड करायला सांगतेय आणि घरात स्कॅनर नाही. मग मार्कशीट टेबलावर ठेवली जाते, मोबाइलने फोटो काढला जातो. फोटो तिरका येतो. खालची कड रुंद, वरची अरुंद. स्कॅनिंग ॲप कागदाभोवती एक चौकट आखतं, बटण दाबलं की क्षणात झेरॉक्स काढल्यासारखा सरळ कागद समोर.

भारतात अनेकांना ही सोय पहिल्यांदा कॅमस्कॅनरमुळे कळली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनरही होतं. तरी कागद सरळ करणं कुणाचं थांबलं नाही. गूगल ड्राइव्ह, आयफोनचं नोट्स, ॲडोबी स्कॅन, सगळीकडे हीच सोय आहे. फोटोशॉप आणि फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही ती आहे. कारण यामागचं गणित कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नाही. त्याला 'पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्मेशन' म्हणतात.

नुसतं ताणून का जमत नाही?

कॅमेऱ्याचा नियम साधा आहे. वस्तू दुप्पट लांब गेली की फोटोत निम्मी दिसते. रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र येताना दिसतात ते यामुळेच. टेबलावरच्या कागदाची खालची कड मोबाइलच्या जवळ असते आणि वरची लांब, म्हणून आयताचा समलंब चौकोन होतो. फोटो गोल फिरवून किंवा क्रॉप करून तो परत आयत होत नाही.

मग वरच्या ओळी दोन्ही बाजूंनी ताणून खालच्या ओळींएवढ्या रुंद केल्या तर? कडा सरळ होतील, पण आतला मजकूर चुकेल.

जरा टोकाचं उदाहरण घेऊ. फोटोत कागदाची खालची कड १००० पिक्सेल आहे, वरची ५०० आणि दोन्ही कडांमधलं अंतर ६०० पिक्सेल. कागदाच्या बरोबर मधोमध असलेली ओळ फोटोत कुठे असेल? ३०० वर, असं पटकन वाटतं. प्रत्यक्षात ती खालून ४०० पिक्सेलवर असते. म्हणजे कागदाच्या जवळच्या अर्ध्या भागाला ४०० पिक्सेल मिळतात आणि लांबच्या अर्ध्या भागाला फक्त २००. हे पट्टी घेऊन पडताळता येतं. फोटोतल्या कागदाचे दोन्ही कर्ण आखायचे, ते जिथे छेदतात तोच खऱ्या कागदाचा मध्य. सरळ रेषा फोटोत सरळच राहते, त्यामुळे कर्णही कर्णच राहतात. अंतरं मात्र तशी राहत नाहीत.

जुन्या गेमर्सना ही चूक ओळखीची वाटेल. १९९४ मध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये पृष्ठभागावर चित्र चढवताना अंतराचा हा हिशेब केला जात नसे. म्हणून त्यातल्या जमिनी आणि भिंती कॅमेरा हलला की वेड्यावाकड्या व्हायच्या.

चार कोपरे, आठ आकडे

फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला पत्ता असतो, डावीकडून कितवा आणि वरून कितवा. कागद सरळ करायचा म्हणजे प्रत्येक जुन्या पत्त्याला नवा पत्ता द्यायचा. नुसतं फिरवणं, सरकवणं, ताणणं किंवा तिरकं ढकलणं एवढंच असेल तर सहा आकड्यांत भागतं. पण त्यात समांतर रेषा समांतरच राहतात, आणि इथे तर एकमेकींकडे झुकलेल्या कडा समांतर करायच्या आहेत. त्यासाठी सूत्रात एक भागाकार लागतो. तो भागाकार म्हणजेच 'लांबचं लहान दिसतं' हा नियम. त्याचे दोन आकडे वाढतात, एकूण आठ.

आठ अज्ञात आकडे शोधायला आठ समीकरणं हवीत, हे शाळेतलंच गणित. एक कोपरा दोन समीकरणं देतो, एक आडव्या पत्त्याचं आणि एक उभ्या पत्त्याचं. चार कोपरे, आठ समीकरणं. ॲप चौकटीचे चार कोपरे बोटाने सरकवू देतं ते म्हणूनच. एक कोपरा जरी कागदाऐवजी टेबलावर पडला तरी आठही आकडे बिघडू शकतात आणि सगळं पान कलतं.

पुढचं काम उलट्या दिशेने चालतं. जुना पिक्सेल उचलून नव्या जागी ठेवत गेलं तर लांबच्या भागात मध्येमध्ये भोकं पडतील. म्हणून संगणक कोरं पान घेतो आणि त्यातल्या प्रत्येक रिकाम्या पिक्सेलसाठी विचारतो की हा जुन्या फोटोत कुठे होता? उत्तर बहुतेक वेळा अपूर्णांकात येतं, समजा ३१२.४ आणि ८७.७. अशा जागी पिक्सेल नसतोच, म्हणून आजूबाजूच्या चार पिक्सेलच्या रंगांचं मिश्रण केलं जातं. गिंपमध्ये यालाच 'लिनिअर' म्हणतात. 'क्युबिक' निवडलं तर सोळा पिक्सेल विचारात घेतले जातात.

सरळ झालं, पण स्पष्ट झालं का?

खरी मेख इथे आहे. वरच्या उदाहरणात लांबच्या कडेची माहिती ५०० पिक्सेलमध्ये होती, सरळ केल्यावर ती १००० पिक्सेलवर पसरली. वाढलेल्या पिक्सेलमध्ये नवं काहीच नाही, शेजाऱ्यांची सरासरी आहे. फोटोत इंग्रजी तीन आणि आठ वेगळे ओळखू येत नसतील, तर सरळ केल्यावरही येणार नाहीत. उलट कागद टापटीप दिसतो म्हणून बघणारा जास्त विश्वास ठेवतो, आणि मार्कांचा आकडा धूसर असल्याचं फॉर्म परत आल्यावरच कळतं. त्यामुळे मोबाइल कागदाच्या बरोबर वर, कागदाला समांतर धरणं कुठल्याही ॲपपेक्षा भारी. उरलेला थोडा तिरकेपणा ॲपने काढावा.

दुसरी अडचण मापाची. चार कोपरे ठरवले तरी मूळ कागद किती लांब आणि किती रुंद होता हे त्या चार बिंदूंवरून कळत नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सची माहिती असेल तर अंदाज बांधता येतो, नाहीतर ए-४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर असं काहीतरी गृहीत धरावं लागतं. लीगल आकाराचा लांब कागद ए-४ मध्ये बसवला की अक्षरं बुटकी होतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे गोल शिक्का. सरळ केलेल्या कागदावर तो अंड्यासारखा दिसत असेल तर माप चुकलंय.

आणि हे सगळं गणित फक्त सपाट वस्तूला लागू आहे. जाडजूड पुस्तकाचं शिवणीजवळ वळलेलं पान चार कोपऱ्यांनी सरळ होत नाही. टेबलावरचा कागद सरळ केला की त्याच्या शेजारी उभा असलेला चहाचा कप विचित्र ताणला जातो, कारण तो कागदाच्या पातळीत नाही. व्हायरल फोटो 'सरळ करून' कोण किती उंच किंवा कुणाची गाडी रेषेच्या किती पुढे, असे दावे केले जातात तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं. जमिनीवरच्या रेषेचं माप त्यातून मिळू शकतं, जमिनीपासून वर असलेल्या डोक्याचं किंवा बंपरचं थेट मिळत नाही.

हेच गणित उलटंही वापरतात. क्रिकेटच्या मैदानावर गवतावर रंगवलेली जाहिरात टीव्हीवर बोर्डासारखी उभी दिसते, ती जमिनीवर मुद्दाम ताणून रंगवलेली असते म्हणून. चित्रकारांना ही युक्ती फार आधीपासून माहीत होती. हान्स होल्बाइनच्या १५३३ सालच्या 'द ॲम्बॅसडर्स' या चित्रात खाली एक लांबट डाग दिसतो, कडेला जाऊन तिरकं पाहिलं की तो कवटी होतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते चित्र आहे. मैदानावरच्या जाहिरातीचं उलट आहे. मुख्य कॅमेऱ्यातून ती नीट दिसते आणि दुसऱ्या बाजूच्या कॅमेऱ्यावर प्रक्षेपण गेलं की तीच अक्षरं गवतावर लोळताना दिसतात.